जबड्याखालच्या गाठीत काय चाललंय?

"नमस्कार डॉक्टर,

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. बालवाडीत जायला लागून आठ महिने झाले. तेवढ्यात सात वेळा सर्दी-खोकला झाला आणि त्यातल्या चार वेळा ताप. मधल्या दिवसांत तो अगदी छान असतो, दंगा करतो. पण पंधरा-वीस दिवस बरे गेले की पुन्हा नाक वाहायला लागतं. सासूबाई म्हणतात, पोराची प्रतिकारशक्तीच कमी आहे. ह्यांनी प्रतिकारशक्ती वाढवणारं एक सिरप आणलंय, ते चालू करू का? मागच्या आठवड्यात आंघोळ घालताना जबड्याखाली उजव्या बाजूला मण्याएवढी गाठ हाताला लागली. दाबली तर सरकते. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. शिवाय मागच्या लशीनंतर त्याला दोन दिवस ताप होता, म्हणून पुढची लस लांबवावी असं घरात चाललंय. आजार अंगावर काढूनच शरीर पक्कं होतं, असंही सांगणारे आहेत. कांजण्या एकदा झाल्या की परत होत नाहीत, मग सर्दी का होते? शरीर शिकतं म्हणतात; माझ्या मुलाचं शरीर काही शिकत का नाही?

– एक आई"

प्रिय ताई,

झोप गाठीनं उडवलीय, तेव्हा सुरुवात तिथूनच करते. मण्याएवढी, बोटाखाली सरकणारी, सर्दीच्या दिवसांत सापडलेली गाठ या वयाच्या पुष्कळ मुलांमध्ये असते. ती लसीका ग्रंथी (लिम्फ नोड). पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ना, तोच हा प्रकार. फक्त इथे जखमेच्या जागी घसा आणि जांघेच्या जागी जबडा. मुलाला नेहमी बघणाऱ्या डॉक्टरांना ती एकदा दाखवा, कारण मला इथून ती चाचपता येत नाही. कुठल्या गाठीची काळजी करायची तेही पुढे लिहिते. पण पत्राच्या शेवटी तुम्ही जे विचारलंत, की याचं शरीर काही शिकत का नाही, त्याचं उत्तर त्या गाठीतच आहे. तुमच्या बोटाला जे लागलं ते शिकणंच आहे.

वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला मी लसीका ग्रंथीचा काप पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गुलाबी-जांभळ्या रंगवलेल्या त्या कापात कडेकडेनं गोल ठिपके होते, मधोमध फिकट आणि भोवती गडद कडं असलेले. जर्नलमध्ये मी ती वर्तुळं काढली, नावं घातली आणि पुढची काचपट्टी लावली. त्या फिकट वर्तुळात काय घडत असतं हे नीट कळायला पुढची बरीच वर्षं गेली. तुम्हाला तिथपर्यंत घेऊन जाते.

समजा, बालवाडीत शेजारचं मूल शिंकलं आणि एक विषाणू तुमच्या मुलाच्या नाकाघशाच्या अस्तरात शिरला. तिथली पहिली फळी काही तासांत जागी होते. या फळीला शत्रू नेमका कोण याची पर्वा नसते; काहीतरी परकं आलंय एवढं कळलं की ती कामाला लागते. नाक वाहतं, घसा लाल होतो, ताप चढतो. हे सगळं पहिल्या फळीचं काम. विषाणूला थोपवून धरायला ती उपयोगी पडते, पण तिला आठवण फारशी राहत नाही. आज आलेला विषाणू वर्षानं परत आला तरी तिच्या लेखी तो जवळपास नवाच.

ओळख पटवून ती लक्षात ठेवणारी दुसरी फळी वेगळी असते, आणि तिला निरोप पोचवावा लागतो. हा निरोप नेतात डेंड्रायटिक पेशी. झाडाच्या फांद्यांसारखे हात पसरून त्या त्वचेत आणि अस्तरांत बसलेल्या असतात, भोवतालचं चाखत असतात. विषाणूचा अंश सापडला की त्या जागा सोडतात आणि लसीकावाहिनीतून जवळच्या ग्रंथीत जातात. घशाला जवळची ग्रंथी जबड्याखाली, म्हणून गाठ तिथे. १९७३ मध्ये राल्फ स्टाइनमन यांनी या पेशी ओळखल्या आणि त्यांचं महत्त्व इतरांना पटवण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली. २०११ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं तेव्हा ते तीन दिवसांपूर्वीच गेले होते. निवड समितीला ते ठाऊक नव्हतं. मरणोत्तर नोबेल देत नाहीत, तरी त्यांचं कायम ठेवलं गेलं. या पेशींबद्दल बोलताना मला दर वेळी ते आठवतं.

आता ग्रंथीच्या आत. तिथे दुसऱ्या फळीतल्या टी पेशी, म्हणजे एका तऱ्हेच्या पांढऱ्या रक्तपेशी, सतत येत-जात असतात. रक्तातून येतात, साधारण दिवसभर हिंडतात, काही मिळालं नाही तर पुढच्या ग्रंथीकडे निघतात. प्रत्येक टी पेशीच्या अंगावर एकाच प्रकारचा ग्राहक, म्हणजे खूण पकडणारा रेणू, असतो; म्हणून ती एकच खूण ओळखू शकते. आलेली डेंड्रायटिक पेशी विषाणूचे कापलेले तुकडे स्वतःच्या अंगावर मांडून उभी राहते आणि टी पेशी एकेक करून ते तुकडे चाचपतात. ही ओळख बघून पटत नाही, अंगाला अंग लागूनच पटते. कुठल्याही एका खुणेशी जुळणारी पेशी साधारण लाखात एक, कधी दहा लाखांत एक. बाकीच्या सगळ्या हात लावून पुढे जातात.

ती लाखातली एक मुळात आली कुठून? विषाणू तर मुलाच्या शरीरानं यापूर्वी पाहिलेलाही नाही. फार पूर्वी असं मानत की जंतू शरीरात आला की साच्यासारखा काम करतो आणि त्याच्या मापानं प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला पकडणारी प्रथिनं (अँटिबॉडी), घडतात. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी उलटी कल्पना मांडली: नाना तऱ्हेच्या पेशी आधीच तयार असतात; जंतू आल्यावर त्यातली जुळणारी तेवढी निवडली जाते आणि तिचीच प्रजा वाढते. बर्नेट बरोबर निघाले. पण मग कोडं असं पडलं की माणसाकडे जनुकं वीस हजारांच्या आसपास, आणि ग्राहकांचे प्रकार तर कोट्यवधी. एवढ्यांची कृती लिहून ठेवायला जागा कुठे आहे?

याचं उत्तर १९७६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात काम करणाऱ्या सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगातून आलं. ते समजायला आपली बाराखडी पुरे. मोजकी व्यंजनं, मोजके स्वर. पण त्यांच्या जोडणीतून किती शब्द होतात, मोजता येतील का? बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणारी पेशी, तयार होताना तिच्यातले प्रतिपिंडाच्या जनुकाचे तुकडे असेच उचलून एकमेकांना जोडले जातात, आणि सांध्यावर चार अक्षरं मनानंच घातली किंवा गाळली जातात. टी पेशींचंही तसंच. दुसऱ्या पेशीत निराळी जोडणी. शरीर आंधळेपणानं शब्द जुळवत राहतं. बहुतेक शब्दांना काहीच अर्थ नसतो, त्या नावाचं कुणी कधी दारात येत नाही आणि ती पेशी काही न करता मरून जाते. पण एखादा शब्द अजून न आलेल्या विषाणूचं नाव निघतो. तुमच्या मुलाच्या अंगात आत्ता अशी नावं आहेत, जी त्याला पन्नास वर्षांनी उपयोगी पडतील. शरीराबद्दल मला जेवढं ठाऊक आहे त्यात याहून थक्क करणारं दुसरं काही नाही.

तर ती लाखातली एक पेशी ग्रंथीत सापडली. सापडली की ती थांबते, फुगते आणि दुभंगायला लागते: एकीच्या दोन, दोनाच्या चार, दिवसातून दोन-तीनदा. चार-पाच दिवसांत एकीच्या हजारो. त्याच सुमारास ग्रंथीकडे येणारं रक्त वाढतं आणि आतल्या पेशींची बाहेर पडायची वाट दोन-तीन दिवस जवळपास बंद होते. शिरणाऱ्या जास्त, बाहेर पडणारं कुणी नाही, कारण जुळणारी एकही पेशी तशीच निघून जायला नको. मग ग्रंथी ताणते, ठणकते, हाताला लागते. आंघोळ घालताना तुम्हाला हेच लागलं.

आणि आता ती फिकट वर्तुळं. टी पेशींतल्या काहींचं काम मदत करण्याचं. त्या बी पेशींना गाठतात. ज्या बी पेशींनी त्याच विषाणूला पकडलंय, त्यांना घेऊन ग्रंथीच्या कडेला एक वर्तुळ जमतं. त्या वर्तुळात बी पेशी भराभर दुभंगतात आणि मुद्दाम चुका करतात. प्रतिपिंड घडवणाऱ्या जनुकात त्या जे बदल घडवून आणतात, त्यांचा वेग शरीरातल्या नेहमीच्या चुकांच्या सुमारे दहा लाख पट असतो. एरवी पेशीत अशी चूक म्हणजे आजाराची धास्ती. इथे मात्र प्रत्येक चुकीनंतर परीक्षा होते: विषाणूच्या तुकड्याला तुझी पकड आधीपेक्षा घट्ट बसते की सैल? घट्ट असेल तर मदतनीस टी पेशी तिला जगू देते, सैल असेल तर ती मरते. मेलेल्यांना गिळायला तिथे मोठ्या पेशी बसलेल्याच असतात. पुन्हा दुभंग, पुन्हा चूक, पुन्हा परीक्षा. दोन-तीन आठवड्यांनी जी प्रतिपिंडं बाहेर पडतात त्यांची पकड पहिल्या आठवड्यातल्यांपेक्षा कितीतरी पक्की असते. आजार पाच दिवसांत ओसरला तरी गाठ महिनाभर का राहते, हे यावरून लक्षात येईल. नाक कोरडं झालं म्हणजे वर्ग सुटला असं नाही.

वर्तुळातून दोन प्रकारच्या पेशी बाहेर पडतात. एक प्रतिपिंडं ओतणाऱ्या; यातली एकेक पेशी सेकंदाला दोनेक हजार प्रतिपिंडं सोडते, आणि काही जणी अस्थिमज्जेत घर करून वर्षानुवर्षं, कधी आयुष्यभर सोडत राहतात. दुसऱ्या, आठवण धरून गप्प बसणाऱ्या. तोच विषाणू पुन्हा आला की या दुसऱ्यांना शोधाशोध करावी लागत नाही. पहिल्या वेळी आठवडा-दहा दिवस घेणारं काम त्या दोन-चार दिवसांत उरकतात.

प्रतिपिंडं पेशीच्या बाहेर फिरणाऱ्या विषाणूला पकडतात. पेशीच्या आत शिरून बसलेल्याचं काय? आपली जवळपास प्रत्येक पेशी आत काय शिजतंय त्याचे नमुने सतत दारात टांगत असते. मारेकरी टी पेशी दारोदार फिरून ते नमुने चाचपतात. परका नमुना दिसला की त्या पेशीच्या भिंतीला भोकं पाडून आत अशी द्रव्यं सोडतात की ती पेशी स्वतःच मोडून पडते, विषाणूसकट. ती आपलीच पेशी असते, आणि तिला मारावंच लागतं. म्हणून ही ओळख चुकून चालत नाही, आणि इथून आपण तुमच्या सिरपाकडे वळू.

ताई, 'प्रतिकारशक्ती' या शब्दातल्या 'शक्ती'नं आपली फार दिशाभूल केली आहे. शक्ती म्हटलं की कमी-जास्त आलं, आणि कमी असेल तर बाटलीतून भरता येईल असं वाटतं. खरं तर हा सगळा ओळखीचा मामला आहे. टी पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस नावाच्या ग्रंथीत तयार होतात आणि तिथेच त्यांची निवड होते. ज्या शरीराच्या स्वतःच्या खुणांना जोरात चिकटतात त्यांना बहुतेक करून तिथेच संपवलं जातं. ज्या कशालाच नीट हात लावू शकत नाहीत त्याही जातात. शंभरातल्या जेमतेम दोन-पाच पेशी बाहेर पडतात. निसटलेल्या चुकार पेशींना आवरायला आणखी वेगळ्या टी पेशी असतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनी त्या १९९५ मध्ये दाखवून दिल्या, आणि २०२५ चं नोबेल त्यांना, मेरी ब्रुंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह, याच कामासाठी मिळालं. एवढा बंदोबस्त कशासाठी? ही यंत्रणा नुसती 'वाढली' तर काय होतं ते आम्ही डॉक्टर रोज बघतो. ती स्वादुपिंडावर उलटली की लहानपणचा मधुमेह होतो, सांध्यांवर उलटली की संधिवात, निरुपद्रवी परागकणांना शत्रू समजली की ॲलर्जी. म्हणून बाटलीवर 'प्रतिकारशक्ती वाढवते' असं वाचलं की मला विचारावंसं वाटतं: नेमकी कुठली पेशी, किती, आणि कुणाविरुद्ध? याचं उत्तर त्या बाटलीवर नसतं.

सिरप चालू करू नका. मुलाच्या अंगात एखाद्या जीवनसत्त्वाची, लोहाची किंवा जस्ताची खरीखुरी कमतरता असेल तर ती तपासून भरून काढावी लागते, कारण कुपोषणानं ही यंत्रणा नक्की लंगडी पडते. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. ज्याचं वजन-उंची वयाप्रमाणे वाढतेय आणि जो मधल्या दिवसांत दंगा करतोय, त्याला पुरेशी झोप, नेहमीचा चौरस आहार, घरात कुणाच्याही विडी-सिगारेटचा धूर नाही आणि हात धुण्याची सवय, एवढं द्या. यापलीकडे बाटलीत काही नाही.

मग सात वेळा सर्दी? शाळेत किंवा पाळणाघरात नव्यानं जाणाऱ्या मुलाला वर्षाला सहा ते आठ वेळा, कधी दहा-बारा वेळाही सर्दी होते आणि ते मूल निरोगी असतं. कारण सर्दी हा एक आजार नव्हेच. ते शेकडो विषाणूंचं एक नाव आहे. सर्दीच्या विषाणूंतल्या नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेच्या वर प्रकार आहेत. तुमच्या मुलाला सातही वेळा बहुधा सात निरनिराळे पाहुणे भेटले. त्यातल्या प्रत्येकाची ओळख त्याच्या ग्रंथींत नोंदली गेली, फक्त आठवा पाहुणा त्यातल्या कुणाशीच जुळत नाही. बालवाडीपूर्वी घरात भेटणारी माणसं मोजकी होती, म्हणून आजारही मोजके होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत हे पाहुणे कमी होत जातील.

कांजण्यांचं गणित वेगळं आहे आणि ते मला नेहमी समजावून सांगावंसं वाटतं. एक तर कांजण्यांचा किंवा गोवराचा विषाणू फारसा वेष बदलत नाही. फ्लूचा बदलत राहतो, म्हणून त्याची लस दर वर्षी नव्यानं जुळवावी लागते. दुसरं कारण वेळेचं. कांजण्यांचा विषाणू शरीरात शिरल्यापासून फोड यायला दहा ते एकवीस दिवस लागतात, कारण तो आधी अंगभर प्रवास करतो. आठवण धरून बसलेल्या पेशींना जागं व्हायला दोन-चार दिवस लागतात. दोन आठवड्यांच्या प्रवासाला निघालेल्याला त्या वाटेतच गाठतात. सर्दीचा विषाणू मात्र नाकातच मुक्काम करतो आणि एक-दोन दिवसांत शिंका सुरू होतात. आठवण जागी होईपर्यंत रुमाल भिजलेला असतो. त्यातून नाकाच्या अस्तरावरची प्रतिपिंडं रक्तातल्यांपेक्षा लवकर ओसरतात. तुमच्या मुलाचं शरीर शिकत नाही असं नाही. या एका परीक्षेत वेळच कमी मिळतो.

ही आठवण किती टिकते याचा एक जुना दाखला आहे. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १७८१ मध्ये गोवराची साथ आली, आणि त्यानंतर १८४६ पर्यंत तिथे गोवर नव्हता. १८४६ ला तो परत आला तेव्हा आठ हजारांच्या आत वस्ती असलेल्या बेटांवर सहा हजारांहून जास्त माणसं आजारी पडली. पीटर लुडविग पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गेला आणि घरोघर हिंडून त्यानं टिपणं काढली. त्याला आढळलं की १७८१ च्या साथीत ज्यांना लहानपणी गोवर येऊन गेला होता, अशा म्हाताऱ्यांना या वेळी तो झालाच नाही. मधे पासष्ट वर्षं गेली होती. टी पेशी, बी पेशी हे शब्दही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते.

हे वाचून कुणी म्हणेल, बघा, आजार अंगावर काढला की शरीर पक्कं होतं. इथे मला ठाम बोलू द्या, कारण या एका समजापायी मुलं गमावली जातात. त्या पासष्ट वर्षांच्या आठवणीची किंमत १७८१ मध्ये ज्या मुलांनी जीव देऊन मोजली, ती १८४६ ला पानुमला भेटायला उरली नव्हती. गोवराची तर आणखी एक वाईट खोड आहे. तो आठवण धरून बसलेल्या पेशींनाच मारतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लस न घेतलेल्या मुलांच्या रक्तातली इतर जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं गोवरापूर्वी आणि गोवरानंतर मोजली गेली. ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झाली होती. जुने आजार सोसून मिळवलेली ओळख गोवरानं पुसून टाकली. धनुर्वाताचं आणखी निराळं: तो होऊन माणूस वाचला तरी शरीराला त्याची ओळख होत नाही, कारण जीव घ्यायला पुरेल इतकं त्याचं विष ओळख पटायला मात्र पुरत नाही इतकं थोडं असतं. धनुर्वातातून उठलेल्यालाही लस द्यावीच लागते. म्हणजे इथे लस निसर्गाहून चांगलं शिकवते.

लस त्याच ग्रंथीत, त्याच वर्तुळांत शिकवते. फरक इतकाच की तिथे जाणारा तुकडा आजार करू शकत नाही, किंवा त्याची नखं काढलेली असतात. काही ठिकाणी तर लस शरीराला जे एकट्यानं जमत नाही ते करून दाखवते. मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करणाऱ्या काही जीवाणूंवर साखरेचं वेष्टन असतं, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला ते वेष्टन नीट ओळखता येत नाही, कारण टी पेशींना साखर हाताला लागत नाही, प्रथिनांचे तुकडे लागतात. म्हणून लस बनवणाऱ्यांनी त्या साखरेला एक प्रथिन जोडलं. बी पेशी साखर पकडते, तिच्यासोबत प्रथिन आत जातं, ते बघून टी पेशी मदतीला येते, आणि बाळ साखरही शिकतं. मला ही युक्ती फार देखणी वाटते.

लशीनंतरचा ताप हा पहिल्या फळीचा आवाज. तो आला म्हणजे लस बाधली असं नाही आणि नाही आला म्हणजे लागू पडली नाही असंही नाही. दोन दिवसांत उतरलेला ताप हे पुढची लस लांबवायचं कारण नव्हे. झटका आला असता, अंगभर गांधी उठून श्वास लागला असता, तर गोष्ट वेगळी. तसं काही झालं असेल तर लस देणाऱ्याला आधी सांगा. पुढची मात्रा कित्येकदा त्याच वर्तुळांना पुन्हा परीक्षेला बसवण्यासाठी असते, आणि ती चुकली तर पकड अर्धी कच्ची राहू शकते. साध्या सर्दीसाठीही लस टाळावी लागत नाही. ठरलेल्या दिवशी चांगला ताप असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून चार दिवस पुढे घ्या.

आता काळजी कधी करायची. क्वचित काही मुलांमध्ये ही यंत्रणा जन्मतःच अपुरी असते आणि ती लवकर ओळखली तर फार फरक पडतो, म्हणून हे नीट वाचा. अशी मुलं नुसत्या सर्दीनं आजारी पडत नाहीत. वर्षात दोनदा न्यूमोनिया, पुन्हा पुन्हा कान फुटणं, त्वचेत खोल किंवा आतल्या अवयवांत पू होणं, वयाच्या पहिल्या वर्षानंतरही तोंडात पांढरी बुरशी टिकून राहणं, दोन-दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फरक न पडणं, वजन न वाढणं, किंवा घरात पूर्वी एखादं मूल अशाच जंतुसंसर्गानं गेलेलं असणं. यातलं काही असतं तर मी आजच तपासणीला जा म्हटलं असतं. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, आणि "मधल्या दिवसांत दंगा करतो" हे वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं.

गाठ मात्र दोन सेंटिमीटरहून मोठी झाली, दगडासारखी कडक लागली, जागची हलेना, लाल होऊन दुखायला लागली, गळपट्टीच्या हाडाच्या वर आली, सहा आठवड्यांनंतरही वाढतच राहिली, किंवा तिच्यासोबत ताप हटेना, वजन उतरलं, रात्री अंग घामानं भिजायला लागलं, तर वाट न बघता लगेच दाखवा. एरवी ती रोज दाबून बघू नका. दाबल्यानं ती दुखते आणि तुमची भीती वाढते. दोन आठवड्यांनी एकदा हळूच चाचपा. बऱ्याच मुलांमध्ये अशी गाठ लहान होऊन वर्षभरही हाताला लागत राहते, त्याचंही वाईट वाटून घेऊ नका.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा एका कागदावर गाठ सापडल्याची तारीख आणि सातही आजारांच्या तारखा लिहून न्या: कधी सुरू झाला, ताप किती दिवस, मधे किती दिवस पूर्ण बरा. मधले बरे दिवस लिहायला विसरू नका, आम्हाला त्यांचाच जास्त उपयोग होतो. त्याच कागदावर पुढच्या लशीची तारीखही घालून ठेवा.